चिरोबांचा अठ्ठेचाळीस

आमच्या मरीन परेडच्या कॉन्डोत सकाळी ऑफिसला जायला म्हणून लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं, की कोपऱ्यातून प्रश्न यायचा, "सिन्योरा, रात्री काय पाहिलंत?"

गुड मॉर्निंग नाही, हवापाण्याची चौकशी नाही. एकदम स्वप्न. विचारणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, बुटके, कडक इस्त्रीचा शर्ट, त्यावर जाकीट आणि पायात चकाकणारे काळे बूट. सिंगापूरच्या उकाड्यात लोक अर्ध्या चड्डीवर आणि सपातांवर सगळीकडे जातात, तिथे हे रोज कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखे दिसत. आणि त्यांना कुठेही जायचं नसे. तळमजल्यापर्यंत ते आमच्याबरोबर येत, आम्हाला निरोप देत आणि पुढच्या माणसाचं स्वप्न विचारायला त्याच लिफ्टने पुन्हा वर जात.

त्यांचं नाव चीरो. गाव इटलीतलं नेपल्स. तिथे डोंगराच्या पोटातून दोरखंडाने ओढली जाणारी एक रेल्वे आहे. ती वर जाते आणि तशीच खाली येते. तिच्यावर चीरोंनी जन्मभर नोकरी केली. "मी आयुष्यात डावीउजवीकडे कधी गेलोच नाही," ते सांगत, "फक्त वर आणि खाली." त्यामुळे आमची लिफ्ट त्यांना पहिल्या दिवसापासून घरच्यासारखी वाटली. इंग्रजी ते प्रवाशांकडून शिकले होते. 'दारापासून दूर राहा', 'पाकीट सांभाळा' आणि 'समोर ज्वालामुखी दिसतो आहे' ही वाक्यं अस्खलित, बाकी सगळा कारभार हातांनी. त्यांचं बोलणं मी इथे मराठीत देते आहे. हातवारे ज्याने त्याने आपापले घालून घ्यावेत.

आमच्या मराठी मंडळींनी त्यांचं चिरोबा करून टाकलं. खंडोबा, बिरोबा, तसे चिरोबा. सतराव्या मजल्यावरचं जागृत देवस्थान.

सतरावा मजला म्हटलं खरं, पण त्यांच्यासमोर तसं म्हणायची सोय नव्हती. चिनी लोकांना चार हा आकडा अशुभ, म्हणून आमच्या लिफ्टमध्ये चार आणि चौदाची बटणंच नव्हती. चिरोबांनी आल्या दिवशी ते पाहिलं आणि "शहाणी माणसं" म्हणून मान डोलावली. मग त्यांची नजर सतरावर गेली. इटलीत सतरा म्हणजे साक्षात संकट, आणि त्यांच्या लेकीने, लुचियाने, फ्लॅट नेमका तिथेच घेतलेला. लुचिया इथल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. तिचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. शेवटी चिरोबांनी आपल्यापुरता तोडगा काढला. ते सोळाव्या मजल्यावर उतरत आणि एक जिना चढून घरी जात. "मी सतराव्यावर राहत नाही," ते म्हणत, "मी सोळाव्याच्या वर राहतो."

सोळाव्यावर आम्ही राहतो, लिफ्टच्या अगदी समोर. तेव्हा जाता-येता दिवसातून चार वेळा चिरोबा आमच्या दारावरून जात आणि दार उघडं दिसलं तर जात नसत.

आता त्या स्वप्नांचं सांगते. नेपल्समध्ये म्हणे स्वप्नात दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला एक आकडा आहे. एक ते नव्वद. मांजर दिसली तर तीन, कॉफी बेचाळीस, पाव पन्नास, आई बावन्न, टोपी चोपन्न. या शास्त्राला ते स्मोर्फिया म्हणतात. तिथली माणसं सकाळी उठून स्वप्न आठवतात, त्याचे आकडे करतात आणि सोडतीत लावतात. पिढ्यान्‌पिढ्या हा उद्योग चालला आहे आणि, चिरोबांच्या मते, म्हणूनच नेपल्सच्या माणसाला झोपल्याबद्दल कुणी आळशी म्हणू शकत नाही.

असा माणूस नेमका सिंगापुरात यावा, याला योग म्हणतात. इथे फोर-डी नावाची चार आकड्यांची सोडत आहे आणि नुसता कुणाचा बंपर चेपला तरी लोक आधी गाडीचा नंबर पाहून घेतात. कॉन्डोच्या मागे एक कोपीटियाम आहे, कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणि टोस्ट मिळणारं आपल्या इराण्यासारखं दुकान. तिथे टॅक्सी चालवणारे लिम अंकल एकदा चिरोबांच्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, "अंकल आ, माय वाइफ ड्रीम वन बिग क्रोकोडाइल. हाउ?"

मगरीला नेपल्समध्ये आकडा नाही. चिरोबांनी डोळे मिटले, कोपीचा घोट घेतला आणि मगरीचे दोन भाग केले. जबडा म्हणजे तोंड, तोंडाचा ऐंशी. ती बघून बायको घाबरली असणार, भीतीचा नव्वद. ८०९०. लिम अंकलांनी तो आकडा सुलट लावला, उलटा लावला, आणि त्यातला एक कुठल्याशा बारक्या बक्षिसाला लागला. दुसऱ्या दिवसापासून कोपीटियाममध्ये चिरोबांच्या टेबलाशी रांग. "पियानो, पियानो," ते सगळ्यांना सांगत. म्हणजे हळूहळू, सावकाश. हे त्यांचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध होतं.

लुचियाला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "पपा, तू लोकांना जुगाराला लावतोस."

"मी फक्त आकडा सांगतो," चिरोबा म्हणत. "लावायचं त्यांचं ते बघतात." आणि ते खरंच होतं. स्वतः चिरोबांनी कधी एक आकडा लावला नाही.

मी व्यवसायाने ऑडिटर. माझा स्वभाव लोकांच्या आकड्यांवर संशय घेण्याचा. मी त्यांना सांगून टाकलं होतं की मला स्वप्नं पडत नाहीत. यावर त्यांनी काळजीने विचारलं, "डॉक्टरला दाखवलंत?" पुढे एकदा मला स्वप्नात आमचे ऑफिसचे साहेब कॉन्डोच्या स्विमिंग पूलमध्ये कमरेएवढ्या पाण्यात कोथिंबीर विकताना दिसले. हे मी मनाशीच ठेवणार होते, पण लिफ्टमध्ये तोंडातून निघून गेलं. चिरोबांना केवढा आनंद झाला. साहेब म्हणजे मालक, एकतीस. पाणी म्हणजे कारंजं, शहात्तर. "कोथिंबिरीला आकडा नाही," ते खेदाने म्हणाले, "ती आमच्याकडे कुणी खात नाही." माझ्या नवऱ्याने, शिरीषने, गुपचूप ३१७६ लावला. त्याने मला कधीच काही सांगितलं नाही, त्यावरून आकडा लागला नाही हे मला कळलं.

आसपासच्या आम्ही आठ-दहा मराठी घरांनी महिन्यातून एका रविवारी कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये जमायचं ठरवलं होतं. बटाटेवडे, चहा आणि तंबोला. तंबोला आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. तिकिटावर आकडे, कुणीतरी पुकारतं, आपण पेनने खोडतो. आमच्याकडे पुकारायचं काम आमच्यातल्याच अभिजितच्या फोनमधली एक बाई करायची. ती वडा थंड व्हायच्या आत सगळा खेळ उरकत असे.

एका रविवारी चिरोबा काचेच्या दाराबाहेरून चालले होते. त्यांनी आत डोकावलं, तिकिटं पाहिली, फोनमधल्या बाईचं 'फॉर्टी-टू, सेव्हन, सिक्स्टी-सिक्स' ऐकलं आणि ते दारातच थबकले. मग तरातरा आत आले. हा खेळ नेपल्सचा आहे, त्यांनी सांगितलं. पूर्वी कधी तिथल्या राजाला सोडत हवी होती आणि एका पाद्र्याला ती पाप वाटत होती. शेवटी तडजोड झाली, की निदान नाताळच्या आठवड्यात सोडत बंद. मग लोकांनी ती घरात आणली. टोपल्या घेतल्या, दारं लावली आणि घरोघर तोंबोला सुरू झाला. "आणि तुम्ही आकड्याला नुसत्या आकड्याने हाक मारता? तसं तुरुंगात मारतात."

ते सोळापर्यंत लिफ्टने आणि पुढे जिन्याने घरी गेले आणि एक वेताची टोपली घेऊन आले. आत नव्वद लाकडी सोंगट्या, हाताळून गुळगुळीत झालेल्या. त्यांनी पहिल्यांदा आमची पेनं गोळा केली. आकडा खोडायचा नाही, त्याच्यावर दाणा ठेवायचा. खोडला की तो मेला. दाणा ठेवला तर तो थोडा वेळ झोपतो आणि पुढच्या डावाला उठतो. पुढच्या खेपेपासून मी लिटिल इंडियातून राजमा आणायला लागले.

मग चिरोबांनी टोपली कानाशी हलवली आणि एकेक सोंगटी काढायला सुरुवात केली. "बेचाळीस. कॉफी." मग नेपल्सची कॉफी कशी असते ते सांगून झालं. "सहासष्ट. दोन बिनलग्नाच्या बहिणी." त्यांच्या गल्लीतल्या अशा दोन बहिणींची हकिगत सांगून झाली. "त्रेचाळीस. गॅलरीत उभी राहून सगळ्या गल्लीची बातमी ठेवणारी बाई." सगळ्यांनी माझ्याकडे का पाहिलं ते मला समजलं नाही. "सत्याहत्तर" आल्यावर त्यांनी हवेत बायकांच्या पायांचा आकार काढला आणि लगेच वडीलधाऱ्यांची क्षमा मागितली. एकाहत्तरचं त्यांना भाषांतर करता येईना. "हा असा माणूस... तुमच्या ऑफिसात असतो," ते म्हणाले आणि सगळ्यांना बरोबर कळलं. सोळाचा अर्थ तर त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितला नाही. तो अभिजितने शोधून काढला. शरीराचा जो भाग घेऊन आपण बसतो, तो. आमचा मजला.

एका डावाला संध्याकाळचे सात वाजले, वडे संपले, पोरं पेंगुळली, पण घरी जायला कुणी उठेना. फोनमधली बाई त्या दिवशी कायमची निवृत्त झाली.

त्याच सुमाराला सासूबाई आमच्याकडे आल्या. मामंजी जाऊन वर्ष होत आलं होतं. पुण्याच्या घरात त्या एकट्या, म्हणून शिरीषने लाँग-टर्म पास काढून त्यांना आणलं. मुळात अतिशय बोलकी बाई. मामंजी गेल्यापासून गप्प झाली होती. जेवायला बोलावलं की येत, औषध दिलं की घेत, टीव्ही लावला की बघत. मुलाला रडू येईल म्हणून रडतही नसत. आम्ही दोघं ऑफिसातून फोन करत असू आणि पलीकडून 'हं' आणि 'बरं' यापलीकडे काही येत नसे.

एकदा शिरीषच्या ऑफिसात महत्त्वाची मीटिंग होती आणि त्याचं डोकं दुखत होतं. सासूबाईंनी त्याला दारात उभं करून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. लिफ्टचं दार उघडलं आणि चिरोबा बाहेर आले. त्यांनी तो प्रकार पाहिला, टोपी काढली आणि संपेपर्यंत देवळात उभं राहावं तसे उभे राहिले. संध्याकाळी ते एका ताटलीत पाणी आणि तेलाची छोटी बाटली घेऊन आले. शिरीषच्या डोक्यावर ताटली धरून त्यांनी पाण्यात तेलाचे थेंब सोडले आणि ते कसे पसरतात ते सासूबाईंना दाखवलं. सासूबाईंनी वाकून पाहिलं. "म्हणजे लागलीच होती," त्या म्हणाल्या. आठवड्यातलं त्यांचं ते पहिलं सबंध वाक्य असावं.

दुसऱ्या दिवसापासून चिरोबांचा दुपारचा चहा आमच्याकडे. मी घरून काम करत असले की दुभाषी व्हायची, नसले तर त्यांचं माझ्यावाचून काही अडत नसे. सासूबाई मराठीत बोलत, चिरोबा नेपल्सच्या भाषेत. ते त्यांना 'दोन्ना सुशीला' म्हणत. दोन्ना म्हणजे आपलं 'बाईसाहेब'. आणि रोजचा प्रश्न अर्थातच ठरलेला: रात्री काय पाहिलंत? सासूबाई आधी लाजल्या. मग एक तुकडा सांगितला, मग दोन. महिन्याभरात अशी परिस्थिती आली की त्यांची स्वप्नं चहाचे दोन कप झाले तरी संपेनात. बाजूला बसून मी ऐकायची आणि मला फार बरं वाटायचं.

अशाच एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, "काल हे आले होते. म्हणाले, गीझर बंद केलास का?"

मी भाषांतर केलं. चिरोबांनी कप खाली ठेवला. "बोलले?"

"रोजच बोलतात," सासूबाई म्हणाल्या. "गीझर, दुधाचं पातेलं, दाराची कडी. दुसरा विषय नाही."

मग त्यांनी मला सावकाश समजावून सांगितलं, दोन्ना सुशीलांना नीट सांगा म्हणून. सत्तेचाळीस म्हणजे मेलेला माणूस. अठ्ठेचाळीस म्हणजे बोलणारा मेलेला माणूस. नेपल्समध्ये हे दोन वेगळे आकडे आहेत, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची बायको, असुन्ता, रोज स्वप्नात येते. स्वयंपाकघरात उभी असते, कांदा चिरते, त्यांच्याकडे बघते. बोलत मात्र नाही. "जिवंत होती तेव्हा श्वास घ्यायला थांबत नव्हती," चिरोबा म्हणाले. "ती बोलायची, मी 'हं' म्हणायचो. आता मला रोज सत्तेचाळीस. मी सगळ्यांना विचारत फिरतो ते एवढ्यासाठी. कुणाचं माणूस बोलत असेल तर ते कशाने बोलतं झालं, तेवढं मला समजून घ्यायचं आहे."

हे सांगताना मला गलबलून आलं. सासूबाईंनी मात्र डॉक्टरने विचारावं तसं विचारलं, "भांडण झालं होतं का?"

"रोज."

"मग ते कारण नाही. तिची एखादी वस्तू आहे का तुमच्यापाशी?"

चिरोबा म्हणाले, तंबोल्याची टोपली तिचीच. नाताळात सगळी गल्ली त्यांच्या घरी जमायची आणि आकडे असुन्ता पुकारायची. आम्हाला ते जे जे सांगतात ते सगळं तिचं आहे.

"मग उशाखाली ठेवा. आमच्याकडे म्हणतात, वस्तूच्या मागोमाग माणूस येतं."

असं आमच्याकडे कुणीही म्हणत नाही. सासूबाईंनी ते तिथल्या तिथे तयार केलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पण दुभाष्याने आपलं मत द्यायचं नसतं. मी निमूटपणे भाषांतर केलं.

त्यानंतर चार-पाच रविवार आमचा तंबोला नेहमीसारखा रंगला. सासूबाई आता चिरोबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत आणि त्यांचं म्हणणं मराठीत पुकारत. "पन्नास, पाव. बावन्न, आई. त्रेपन्न, म्हातारा." 'पियानो, पियानो' तर त्यांच्या तोंडात इतकं बसलं की शिरीष घास भरभर गिळायला लागला तरी त्या तेच म्हणत.

नाताळच्या आधीचा रविवार आला. चिरोबांच्या दृष्टीने वर्षाचा खरा तंबोला हाच. ते नवा टाय लावून आले होते. लुचियासुद्धा पहिल्यांदाच आली होती आणि बक्षीस म्हणून तिने उंच डब्यातला नाताळचा केक आणला होता, आत बेदाणे घातलेला. फंक्शन रूम गच्च भरली होती. खेळ जवळजवळ संपत आला आणि अभिजित उभा राहिला.

अभिजित एका कंपनीत टेस्टिंग करतो. दुसऱ्याच्या कामात चुका शोधण्याचा त्याला पगार मिळतो आणि रविवारीही त्याला ते थांबवता येत नाही. तो म्हणाला, "एक मिनिट. माझा एकच आकडा राहिलाय, अठ्ठेचाळीस. मागच्या वेळीही अठ्ठेचाळीसच राहिला होता. त्याच्या आधी हिचा राहिला होता."

त्याची मुलगी इशा म्हणाली, "पापा, फॉर्टी-एट व्हेअर गॉट कम आउट? नेव्हर वन, लाह."

म्हणजे तो कधी निघालाच नव्हता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ज्यांच्या ज्यांच्या तिकिटावर कधी अठ्ठेचाळीस होता त्या सगळ्यांना एकदम आठवलं. अभिजित सभ्यपणेच म्हणाला, "चिरोकाका, सोंगट्या मोजू या का?"

मोजायची गरज नव्हती. चिरोबांचे कान लालभडक झाले होते. लुचिया खुर्चीवरून उठली. "पपा?"

"घरी आहे," चिरोबा म्हणाले. "उशाखाली. सबंध टोपली ठेवून पाहिली होती, पण मान आखडली. म्हणून एकच ठेवली." मग त्यांनी सासूबाईंकडे बोट दाखवलं. "दोन्ना सुशीलांनी सांगितलं होतं."

चाळीस माणसं सासूबाईंकडे वळली. मी घाईघाईने त्यांच्या कानात सगळं सांगितलं आणि बाकीच्यांना चिरोबांचा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसही सांगितला, कारण आता लपवून उपयोग नव्हता. लुचियाने तोंडावर हात ठेवला. तिलाही हे ठाऊक नव्हतं. चिरोबा सोंगट्या टोपलीत भरायला लागले होते. खेळ खोटा झाला, ते म्हणत होते, त्यांनी सगळ्यांना फसवलं, आता फोनमधल्या बाईला बोलवा, ती नव्वदच्या नव्वद काढते. असुन्ताच्या टोपलीवर बट्टा लागला, हे त्यांना सोसत नव्हतं. घाईघाईत निम्म्या सोंगट्या बाहेर सांडत होत्या.

सासूबाई उठल्या. त्यांनी एवढ्या माणसांसमोर कधी भाषण केलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी राजम्याची वाटी हातात घेतली आणि म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस निघालेला आहे. तो यांच्या घरी आहे, म्हणजे टोपलीतून निघालाच ना? ज्याच्या ज्याच्या तिकिटावर असेल त्याने दाणा ठेवा."

मग अभिजितच्या बायकोने वाटीतला एक दाणा उचलला आणि नवऱ्याच्या तिकिटावर, अठ्ठेचाळीसवर, ठेवला. नंतर पलीकडच्या टेबलावरच्या लेल्यांनी ठेवला, शिरीषने ठेवला. माझ्या तिकिटावर अठ्ठेचाळीस नव्हता, याचं मला त्या क्षणी खरोखर वाईट वाटलं.

अभिजित आपल्या तिकिटाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "फुल हाउस."

काय हसलो आम्ही. चिरोबासुद्धा हसले, डोळे पुसत पुसत. अभिजितने केक स्वतः कापून प्रत्येकाला नेऊन दिला आणि पहिला तुकडा चिरोबांना.

तेव्हापासून आमच्या तंबोल्याचा नियम असा झाला, की डाव सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी आपल्या तिकिटावर अठ्ठेचाळीस शोधायचा आणि असेल तर दाणा ठेवून मोकळं व्हायचं. वुडलँड्सहून एक नवीन जोडपं यायला लागलं. त्यांनी हे काय म्हणून विचारलं. "तो आधीच निघालाय," लोकांनी सांगितलं आणि खेळ सुरू केला.

फेब्रुवारीत सासूबाई पुण्याला परत गेल्या. आता आपल्या घरात राहावंसं वाटतंय, म्हणाल्या. चिरोबा त्यांची बॅग घेऊन तळमजल्यापर्यंत लिफ्टने आले, टॅक्सी वळणाआड जाईपर्यंत उभे राहिले आणि एकटेच वर गेले. त्या दिवशी त्यांनी लिफ्टमध्ये कुणालाच स्वप्न विचारलं नाही, असं वॉचमन म्हणाला.

पुढे एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात चिरोबा. जाकिटाच्या गुंड्या चुकीच्या घरांत. एवढ्या दिवसांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"बोलली," ते म्हणाले.

मी त्यांना आत ओढून खुर्चीत बसवलं. "काय म्हणाली?"

चिरोबांनी बायकोचा आवाज काढला, एक हात कमरेवर ठेवून. "'तंबोल्यात तुझ्या शेजारी बसायची, ती पांढऱ्या केसांची बाई कोण?'"

सबंध चेहरा आनंदाने फुलला होता. बायकोने झापलं म्हणून इतका खूश झालेला नवरा मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांना उत्तर द्यायचं होतं, पण तेवढ्यात जाग आली. त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून अठ्ठेचाळीसची सोंगटी काढली आणि माझ्या हातात दिली. टोपलीत टाका, म्हणाले, आता हिची गरज नाही. "असुन्ता परत येणार. एकदा संशय आला की ती सोडत नाही."

ते जिन्याकडे वळताच मी पुण्याला फोन लावला. हसत हसत सासूबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं त्याही हसतील. पण त्यांनी गंभीरपणे विचारलं,

"मग त्यांनी काय सांगितलं तिला?"

"काही नाही, आई. त्यांना जाग आली."

"अगं, मग आज विचारेल ती परत. त्यांना म्हणावं, नीट सांगा तिला. म्हणावं, ती सुशीला. सिंगापूरला आली तेव्हा कुणाशी बोलत नव्हती. तुझ्या नवऱ्याने तिला बोलतं केलं. आता आपल्या घरी असते, बरी आहे." आणि वर म्हणाल्या, "जा, सांग लगेच. विसरशील."

मी फोन तसाच हातात घेऊन बाहेर धावले. चिरोबा अजून जिन्याच्या मधल्या वळणावर होते. मी खालूनच त्यांना निरोप सांगितला. कठडा धरून त्यांनी तो ऐकला, चुकू नये म्हणून पुन्हा एकदा माझ्याकडून म्हणवून घेतला, आणि मग ते शब्द पुटपुटत वर गेले.